पाळीवरचं लाल कापड
सामसूम घरात टर्रकन आवाज झाला. कुंतानं लग्नाची लाल साडी फाडली होती. “सवाशीण असून लग्नाची साडी फाडते काय वो?” सासूनं कपाळाला हात लावला. “दुरून दिसन असा कपडा हाच हाये, आत्या.” कारखान्यातला विषारी गॅस सुटला तर भोंगा वाजणार, मग वाऱ्याची वाट सोडून पळायचं, असं गावसभेत ठरलेलं. तलावात मासे धरणाऱ्यांना मात्र भोंगा ऐकू येईना. म्हणून गावानं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उंच बांबू रोवला. वारा दाखवणारं कापड द्यायचं कुंतानं कबूल केलं. आज तालीम होती. भोंगा वाजताच तिनं पाळीवर जाऊन बांबूवर कापड चढवलं. दूर डोंग्यातून नवऱ्यानं वल्हं उंचावलं. त्याला दिसलं होतं! सोबत आलेली सासूसुद्धा हसली. तेवढ्यात वारा फिरला आणि लाल टोक डोंग्याकडे फडफडू लागलं. लेकीनं पदर ओढला. “आई, वारा बाबाकडं गेला तं बाबा कुठी पळन?”