कपाटामागची खिडकी

"कुत्री धरा हो!" फाटकाबाहेरून हाक आली.

लुनेटने दोन्ही कुत्री मागच्या खोलीत कोंडली. मग आतल्या दाराचं कुलूप काढलं, व्हरांड्याच्या गजांचं काढलं आणि शेवटी फाटकाचं. तेवढा वेळ खालच्या गल्लीतल्या मिस सिल्डा आणि मिस मर्टल उन्हात उभ्या होत्या. लुनेट आणि तिचा नवरा ऑस्बर्न इंग्लंडहून मायदेशी परतल्यापासून तीन वर्षांत दोघींनी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. खरं तर त्यांना टाकू दिलं नव्हतं. ऑस्बर्न त्यांच्याशी गजांआडूनच गोड बोलायचा.

ऑस्बर्नला जाऊन आज नववा दिवस. रात्री त्याला निरोप द्यायला सगळी वस्ती लुनेटच्या अंगणात जमणार होती. त्याआधी मेलेल्या माणसाच्या खोलीतलं सामान फिरवून ठेवायचं असतं. खोली होती तशीच राहिली तर तो परत येऊन मुक्काम ठोकतो. ओळखू आली नाही, की आपल्या वाटेने जातो.

"तुम्ही नुसत्या बसा," मिस सिल्डा म्हणाली. "इंग्लंडात असलं काही करत नसतील ना?"

"नाही."

"करायचंय कशाला!" मिस मर्टल म्हणाली. "त्या थंडीत भूत तरी थांबेल का?"

दोघी हसल्या. लुनेटलाही हसू आलं असतं, पण नऊ दिवसांत तिला हसू आलं नव्हतं आणि रडूही. ती खुर्चीत बसून राहिली. तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. बर्मिंगहॅमहून मुलीचा, ज्युडिथचा.

"मम्मी, आज सांगणार होतीस. गुरुवारचं तिकीट पक्कं करू ना? दलालही घर बघायला यायला तयार आहे."

"बघते."

"बघते काय? तिथे तुझं आहे कोण? डॅडी अर्धा तास आधी दवाखान्यात पोचले असते तर वाचले असते, डॉक्टरच म्हणाले ना? तू अशीच पडलीस तर? त्या देशात एकटीने राहायचं म्हणजे..."

"रात्री सांगते," लुनेट म्हणाली. ज्युडिथचं काही चुकत नव्हतं. जावं, असं लुनेटनेही जवळजवळ ठरवलंच होतं. तिथेही खुर्ची होती, इथेही खुर्ची होती.

बायकांनी गादी उलटी केली. आरसा भिंतीकडे वळवला. ऑस्बर्नने पलंग दाराकडे तोंड करून लावला होता, तो त्यांनी आडवा केला. पलंगाखाली कोयता निघाला. मिस सिल्डाने तो कोपऱ्यात उभा केला. मग दोघी कपाटाला भिडल्या. कपाट ढिम्म हलेना.

"अगं बाई! अख्खं इंग्लंड भरून आणलंय की काय यात?"

"थंडीचे कोट आहेत," लुनेट म्हणाली.

"इथे कुठे बर्फ पडायचाय!"

शेवटी लुनेट उठली आणि तिनेही खांदा लावला. कपाट करकरत सरकलं. मागे खिडकी होती. घर बांधून झालं तेव्हा ती दोघं इंग्लंडातच होती. इथे राहायला आली त्याच आठवड्यात पलीकडच्या गावात इंग्लंडहून परतलेल्या एका जोडप्याकडे खिडकीतून चोर शिरले. दोघांनाही मारलं, घर धुऊन नेलं. त्याच दुपारी ऑस्बर्नने या खिडकीला गज असूनही तिच्यापुढे कपाट लावलं. लुनेटने ती कधी उघडून पाहिलीच नव्हती.

काचेच्या पट्ट्या गंजलेल्या चौकटीत घट्ट बसल्या होत्या. मिस सिल्डाने जोर लावला तशा त्या उघडल्या. उजेड आत आला, आणि शिजत्या मटणाचा वास.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे, जेमतेम वीस पावलांवर, एक अंगण होतं. चुलीवर भलंमोठं पातेलं. दोरीवर कपडे. फणसाच्या झाडाखाली एक पांढरी गाडी.

"हे कुणाचं घर?"

"कुणाचं काय, माझंच की! रात्रीचं मटण तिथेच तर शिजतंय. तुमच्या फाटकापासून वळसा घालून यावं लागतं, म्हणून लांब वाटतं."

"आणि गाडी?"

"आमच्या पोराची, गार्नेटची. टॅक्सी चालवतो. चालवतो म्हणायचं! सकाळी आठ वाजेपर्यंत बिछाना सोडवत नाही त्याला."

ऑस्बर्न सकाळी पावणेसातला कोसळला होता. लुनेटने त्याच्याजवळ जमिनीवर बसून, दबक्या आवाजात, बर्मिंगहॅमला फोन लावला होता. तिकडून ज्युडिथने रुग्णवाहिका मागवली. ती यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात लुनेट एकदाही ओरडली नाही. ऑस्बर्नचा नियमच होता, काहीही झालं तरी ओरडायचं नाही. ओरडलं की घरात दोनच म्हातारी माणसं आहेत हे जगाला कळतं. तिने नियम शेवटपर्यंत पाळला.

"मी जरा पातेलं बघून येते," असं म्हणून मिस सिल्डा गेली. मिस मर्टल केरसुणी घेऊन बाहेरच्या खोलीत वळली. लुनेट खिडकीशी उभी राहिली. आत काहीच हलत नव्हतं, दुःख नाही, रागही नाही. थोड्या वेळाने मिस सिल्डा खालच्या अंगणात दिसली. तिने झाकण काढलं, पळीने रस्सा तळहातावर घेऊन चाखला, आणि चिमूटभर मीठ टाकलं.

"मिस सिल्डा," लुनेट म्हणाली. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात.

मिस सिल्डाने पळी हातात धरूनच मान वर केली.

"काय हो?"

"काही नाही," लुनेट म्हणाली. "ऐकू जातं का, ते बघत होते."