दारातलं हसू

एकसष्ट साली देवमनच्या पोराला, शेषरावला, मुंबईच्या सिनेमात पोस्टमनचं काम मिळालं. दारात उभं राहून नुसतं हसायचं. देवमन अकोल्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर. तो सिनेमा तिथं लागल्यापासून दर खेळानंतर तो त्या हसण्याचा एक तुकडा कात्रीनं उतरवून घ्यायचा आणि रीळ पुन्हा जोडून ठेवायचा.

दोन महिन्यांनी शेषराव मुंबईहून आला आणि गल्लीतल्या माणसांना घेऊन दुपारच्या खेळाला बसला. पडद्यावर दार उघडलं आणि लगेच मिटलं.

"कंपनीनं मले कापलं वाटते, बाबा," घरी आल्यावर तो म्हणाला.

देवमननं खिडकीवरचं धोतर बाजूला सारलं. काचभर फिल्मचे तुकडे चिकटवले होते. कलत्या उन्हात प्रत्येक तुकड्यातल्या दारात शेषराव हसत उभा होता.

"कंपनीनं नाई, लेका. मीच तुले घरी आनलं, रोज थोडं थोडं."