आवाज देऊन जावं

"पहिल्या वर्षी काय शिकवता?" आईने विचारलं.

तिसरं कॉलेज, आणि तिसऱ्यांदा तोच प्रश्न. मुलीने मान खाली घातली. बाकीच्या आया होस्टेल विचारतात, नोकरीचं विचारतात. तिची आई मात्र अश्वविज्ञानाच्या पदवीसाठी कॉलेज बघायला निघाली होती आणि अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानापुढे सरकत नव्हती.

"चारा, औषधं, कायदे, व्यवस्थापन," कारकून म्हणाला. "सगळं वर्गात बसून. घोड्याला हात लावायला तिसरं वर्ष उजाडतं, बाई. पुष्कळ मुलं त्यालाच कंटाळून पळतात."

"मग हेच बरं." आईने सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

पहिलं कॉलेज मुलीच्या मनात भरलं होतं. चाळीस घोडे, मऊ मातीचं मैदान. तिथल्या पुस्तिकेत पहिलाच धडा होता, 'घोड्याला कुठून दिसतं आणि कुठून दिसत नाही'. आईने ती पुस्तिका मिटली, पिशवीत घातली आणि म्हणाली, "चल." दुसऱ्या ठिकाणीही तेच.

"दोन वर्षं मी काय कागदी घोडे नाचवू?"

"नाचव. ते लाथ मारत नाहीत."

सात वर्षांपूर्वी वडील गेले ते लाथेनेच.

तेव्हा त्यांचा स्वतःचा तबेला होता. त्यात एक म्हातारा पांढरा घोडा होता, डाव्या डोळ्याने आंधळा. वडील आत शिरताना नेहमी देवाचं एखादं पद म्हणायचे, खड्या आवाजात आणि साफ बेसूर. "देवाचं माहीत नाही, पण घोडा ऐकतो," असं त्यांचं म्हणणं. ओसरीवर खोगीर शिवत बसलेली आई दाभण थांबवून म्हणायची, "देव कानात बोटं घालून बसला असेल बिचारा!" आणि मग तीच पुढची ओळ सुरात उचलायची.

त्या दुपारी ते गायले नाहीत. घसा बसला होता. कुणीही विचारलं की आई एवढंच सांगायची, "घसा बसला होता. घोड्याचा दोष नाही." आणि मग उगीचच जोडायची, "कुणाचाच नाही." लोक म्हणाले, त्या जनावराला संपवा. तिने ऐकलं नाही. ओळखीच्या एका माणसाच्या कुरणात त्याला सोडून दिलं. तबेला मात्र मोडला. खोगिरं अजून शिवायची, ती दुसऱ्यांच्या घोड्यांसाठी.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. सुट्टीच्या दिवशी पांढऱ्याच्या ठाणाजवळ पेंढ्यात जाऊन आडवी व्हायची. वडील तिला शिंगरूच म्हणायचे. त्या दुपारीही तिथेच निजली होती. फार आठवत नाही. एक दणका. मग अंगावरच्या निळ्या दुलईसकट आईने तिला उचललं, तोंडावरून दुलई ओढली आणि बाहेर नेलं, काही दिसू नये म्हणून. त्या दुलईचा वास तेवढा आठवतो.

"इथे पालकांची सही," कारकुनाने फॉर्म पुढे केला.

आईने पेनाचं टोपण काढलं.

"आई, सही करायच्या आधी तबेला तरी बघू. एकदाच. मग तू म्हणशील तिथे जाईन, तोंडातून शब्द काढणार नाही."

"बघायचं काय त्यात?"

"बघा की," कारकून म्हणाला. "मोतद्दार आहे तिथे, तो दाखवेल. एवढ्या लांब आलात."

आईचा नाइलाज झाला. सही राहिली. फॉर्म आणि पेन हातात घेऊन ती मुलीच्या मागे निघाली.

तबेल्याच्या दारावर पाटी होती, 'आवाज देऊन आत यावे'. घोड्यांची देखभाल करणारा म्हातारा मोतद्दार हात पुसत पुढे आला.

"पाटी वाचलीत ना? इथे मुक्याने कुणी शिरायचं नाही. चोरानेसुद्धा." तो हसला. "घोडा दचकला की संपलं. चाळीस वर्षं बडबडतोय मी. बायको म्हणते, तिकडचं उरलंसुरलं बोलणं घरी आणता."

"माझे बाबा गायचे," मुलगी म्हणाली.

"शहाणा माणूस!"

"बस चुकेल आपली," आई म्हणाली. "चल गं, पुरे झालं."

पण मुलगी उंबऱ्याच्या आत गेली होती. चामड्याचा, पेंढ्याचा तो ओळखीचा वास नाकात शिरला आणि सात वर्षांत पहिल्यांदा वडिलांचं पद तिच्या ओठांवर आलं. पहिला शब्द उमटतो न उमटतो तोच मोतद्दाराने तिच्यापुढे हात आडवा धरला. दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या ओठांवर होतं.

शेवटच्या ठाणाशेजारी पेंढ्यात एक लहान मुलगी अंगठा चोखत झोपली होती.

"नात माझी," तो कुजबुजला. "आत्ताच डोळा लागलाय. पुढे नको जायला, लांबूनच बघा. ती उठली की बोलत बोलत जाऊ." मग स्वतःशीच मान हलवत म्हणाला, "चाळीस वर्षांची सवय, पण निजलेल्या लेकरापुढे कुणाचा आवाज निघतो?"

मुलगी हसत आईकडे वळली.

आई घोड्यांकडे बघत नव्हती. त्या लहानगीकडेही नाही. ती फक्त आपल्या मुलीकडे बघत होती.

मुलीचं हसू तसंच राहिलं. तिला तो पेंढा आठवला, पाठीला टोचणारा. गार पडलेली पावलं आठवली, पोटाशी घेतलेले गुडघे आठवले.

त्या दुपारी निजताना तिच्या अंगावर दुलई नव्हती.