रिकाम्या रॅकचा बाक

जॉर्ज टाउनमधल्या आमच्या गोदामासाठी हे रॅक मीच पसंत केले होते, म्हणून तर जास्त संताप आला. अजून एक खोकंही चढवलं नव्हतं, तरी सगळ्यात वरचा आडवा बीम मधोमध वाकला होता.

"भंगार गळ्यात मारलंत माझ्या!" मी रॅकवाल्या इलंगोंना झापलं.

त्यांनी बीम बदलला. काढलेला जमिनीवर ठेवला, तर तो अगदी सरळ. नवा मात्र बसवताच वाकला.

"मॅडम, वजनाशिवाय बीम वाकत नाही," ते हळूच म्हणाले. "वर कुणीतरी आहे."

"दुपारी माझा माल येतोय! असेल कुणी तर सांगा त्याला खाली उतरायला!"

इलंगोंनी खरंच चपला काढल्या, वर बघून हात जोडले आणि तमिळमध्ये अदबीनं विनंती केली. मला अशी चीड आली!

वरचा बीम सरळ झाला.

त्याच्या खालचा वाकला. मग तोही सरळ झाला आणि सगळ्यात खालचा कुरकुरला.

"मॅडम, बाजूला व्हा," इलंगो कुजबुजले.

"मी का होऊ? गोदाम माझं आहे!"

मी माल ठेवायच्या ज्या लाकडी पॅलेटवर उभी होते, त्याची माझ्या अगदी समोरची फळी हळूच दबली.