सत्कारानंतरचं जेवण

"बेटा, एवढी फिट कशी राहतेस, जरा या मुलींना सांग," शाळेचे चंद्रशेखर सर म्हणाले आणि त्यांनी माइक आम्रपालीपुढे धरला.

बालाघाटच्या समाजभवनात तिचा सत्कार चालला होता. राष्ट्रीय ज्युदो स्पर्धेतून ती रौप्यपदक घेऊन आली होती. समोर सतरंजीवर शाळेच्या मुली बसल्या होत्या. पहिल्या रांगेत आई, सीता.

"जेवतो आणि ओकतो," आम्रपाली म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं.

"खरं सांगून राह्यली. वजन कमी करायले सुरू केलं, मंग सुटलंच नाही. घशात बोट घालतो. आता भोपालले इलाज चालू आहे. तुमच्यातलं कोणी असं करत असन, तर घरी सांगा. मी नाही सांगितलं."

सरांनी माइक काढून घेतला. "बच्ची थकली आहे," म्हणत त्यांनी स्वतःच टाळ्या सुरू केल्या.

नंतरच्या पंगतीत कोणी तिच्याशी बोललं नाही. सगळे तिच्या ताटाकडे बघत होते. एका बाईने शेजारणीला विचारलं, "आता इच्यासंग लगन कोन करन?" आम्रपालीने भाताला हात लावला नाही.

घरी आल्यावर सीताने साडीही बदलली नाही. भाकरी थापली, वांग्याची भाजी केली, ताट पोरीपुढे ठेवलं आणि समोर बसली.

"माह्या हातचं बी ओकत होती?"

"हौ."

"तू तर म्हणे, आई, अजून दे."

"पोट भरलं की लवकर निंघते."

दर सुटीत घरी आली की पोरगी पोटभर जेवते, हे सीताने अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलं होतं.

आम्रपाली जेवली. सावकाश, एकेक घास. शेवटचा घास गिळून ती उठली आणि मोरीकडे वळली.

सीताने तिचं मनगट धरलं. "बस."

"हात धुवून येतो, आई."

"खरकट्यानंच बस."

तो हात सोडवायला आम्रपालीला काहीच जोर लागला नसता. ती खाली बसली. तिच्या कपाळावर घाम आला, गळा आतून वर-खाली व्हायला लागला.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"मले नाही माहीत," सीता म्हणाली आणि तिने दुसरा हातही मनगटावर ठेवला.