कुंपण काढा

“कुंपण काढायला तुम्ही सांगितलंत, सर. तुमच्याच तोंडाने सांगितलंत. आता हात झटकू नका.”

सर तिथे नव्हते. समोर गॅसवर साखरेचं पातेलं होतं, आणि केकवाली सकाळपासून त्यालाच सुनावत होती.

“त्या बिचाऱ्याला काय ऐकू येणार?” नणंद दारात सँडलचा पट्टा लावत म्हणाली. “आणि वहिनी, बटण कोणाच्या बोटाने दाबलं?”

“माझ्या.”

“मग झालं तर.”

नणंद दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसायची. स्वतःची एक खोली घ्यायची म्हणून तिने पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते. ते सगळे घेऊन आज ती सरांच्या नव्या वर्गाला निघाली होती. परकी चलनं घ्यायची, भाव चढला की विकायची. वर्गाचं नाव ‘सावध सौदा’, खास नवशिक्यांसाठी. पहिला धडा कुंपणाचा. सौदा करतानाच एक खालचा भाव सांगून ठेवायचा; भाव तिथवर घसरला की सौदा आपोआप बंद. थोडं जातं, बाकीचं वाचतं.

केकवालीने सरांच्या आधीच्या वर्गात हा धडा घोटून घोटून पाठ केला होता. मोठ्या ओव्हनसाठी ठेवलेले पैसे तिने लावले, पण कुंपणाशिवाय एक सौदा केला नाही. मग एका दुपारी भाव कोसळायला लागला आणि वर्गाच्या ग्रुपवर सरांचा आवाज आला. घाबरून पळू नका, कुंपण काढा, भाव परत येतोय. तिने काढलं. भाव आला नाही. ओव्हन गेला तो गेलाच.

“सर म्हणाले, तुमच्या वहिनींनी नियम मोडला,” नणंद म्हणाली.

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“मला नको विचारू बाई. सरांनी सांगितलेला केक तेवढा वेळेवर आण. पहिल्या दिवशी सगळ्यांचं तोंड गोड करतात म्हणे.”

“आणलाच समज.”

नणंद गेली. साखर विरघळली, कडेने पिवळी झाली, मग मधासारखी. केकवाली पातेलं नेहमी इथेच उतरवायची. खाली ठेवलं तरी पातेल्याची धग साखरेला पुढे ढकलत राहते, म्हणून हवा तो रंग यायच्या आतच उतरवावं लागतं. आज तिने हाताची घडी घातली आणि बघत राहिली. मध गेला, तांबूस गेला, धूर डोळ्यांत गेला. मग त्या काळ्या पाकात तिने लोणी घातलं, साय घातली, नेहमीसारखं घोटलं आणि केकच्या मिश्रणात ओतलं. वरून ओतायचं कॅरमेल मात्र वेगळं केलं, सोनेरी. केक असा देखणा झाला की तिचा तिलाच राग आला.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, करकरणारा पंखा, भिंतीवर वर चढत गेलेला हिरवा बाण. नणंद दुसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून.

“या या! आमच्या जुन्या विद्यार्थिनी बरं का,” सरांनी ओळख करून दिली. टाळ्या पडल्या.

तिने केक कापला. पहिला तुकडा सरांना दिला.

सरांनी मोठा घास घेतला. जबडा एकदा हलला आणि थांबला. सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता. सरांनी गिळलं.

“वा! याला म्हणतात मुरलेली चव. कच्च्या जिभेला कळायची नाही.”

ताटल्या फिरल्या. पुढच्या रांगेतल्या टायवाल्याने घास घेतला, डोळे बारीक केले आणि मान डोलावली. “वेगळाच आहे हं.” शेजारीण म्हणाली, “हळूहळू चढतो जिभेवर.” मागून कोणीतरी आणखी एक तुकडा मागितला.

“करपलाय तो,” केकवाली म्हणाली.

हशा पिकला. “बघा, काय विनय!” सर म्हणाले.

“विनय नाही. करपलाय, सर. मीच करपवलाय. केकचे पैसे परत देते. पण एवढं सांगा. त्या दुपारी आम्हाला सगळ्यांना कुंपण काढायला लावलंत, तेव्हा तुमच्या स्वतःच्या सौद्याला कुंपण होतं की नव्हतं?”



सर हसले. रुमालाने ओठ टिपले आणि वर्गाकडे वळले. “बाजारात भावना आणायच्या नाहीत. आयता धडा मिळाला तुम्हाला. घ्या लिहून.”

पेनं चालायला लागली. टायवाल्याने खाली रेघही मारली.

केकवाली सुरी पुसत तिथेच उभी राहिली. ती नणंदेकडे बघत नव्हती.

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासून नणंदेच्या प्रत्येक वाढदिवसाला हाच केक झाला होता. नणंदेने तुकडा तोंडात टाकला. दोनदा चावला. मग कागदी रुमाल तोंडाशी नेला, घास त्यात काढला, रुमालाची नीट घडी केली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. पर्सची चेन ओढून घेतली.

ती उठून उभी राहिली.

“सर, माझ्या वहिनीने काहीतरी विचारलंय. होतं की नव्हतं?”