सातवा फेरा

कुंडी जमिनीवर ठेवायला केअर होमची परवानगी नव्हती. कुणी अडखळून पडेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सुप्रभाबाईंनी ती नवऱ्याच्या व्हीलचेअरपुढच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. कुंडीत फायकस होता, वडाच्याच कुळातला. कार्डिफमध्ये वटपौर्णिमेला तो चालायचा.

टेबल खुर्चीला अडकवलेलं होतं. झाडाभोवती फिरायचं तर गिरीशरावांभोवतीही फिरावं लागत होतं. पांढरा दोरा खोडावरून निघायचा, त्यांच्या एका दंडावरून खुर्चीच्या पाठीमागे जायचा आणि दुसऱ्या दंडावरून परत खोडाशी यायचा. ते एक्क्याण्णव वर्षांचे होते. दुसऱ्या स्ट्रोकनंतर वाचा गेली होती. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत.

अकरा वाजता डॉक्टर येणार होत्या. पुन्हा न्यूमोनिया झाला तर हॉस्पिटलला न्यायचं, की इथेच शांतपणे जाऊ द्यायचं, हे घरच्यांना विचारायला. मागच्या दोन्ही वेळी सुप्रभाबाईंनी सांगितलं होतं, जे जे करता येईल ते सगळं करा.

"अहो, हलू नका. दोरा तुटेल," चौथ्या फेऱ्याला त्या म्हणाल्या.

नात ईशिता पलंगावर बसून परीक्षेचं वाचत होती. विषय ग्रीक पुराणकथा. खोली फारच गप्प झाली होती, म्हणून सुप्रभाबाईंनी तिला, काय वाचतेस ते मला पण सांग, म्हटलं.

"एक पहाटेची देवी असते, आजी. तिचा हजबंड साधा माणूस असतो, टिथोनस. ती झ्यूसकडे मागते, हा कधीच मरायला नको. झ्यूस ओके म्हणतो. पण याला यंग पण ठेव, हे सांगायला ती विसरते."

"मग?"

"मग तो म्हातारा होत जातो. हात-पाय पण हलत नाही. शेवटी ती त्याला एक रूममध्ये ठेवते आणि डोअर बंद करते. आतून फक्त त्याचा आवाज येतो."

"सुटतो कधी?"

"कसा सुटणार? तो मरूच शकत नाही ना."

सहावा फेरा पुरा करून सुप्रभाबाई समोर आल्या. गिरीशरावांनी डाव्या हाताचं एक बोट दोऱ्याखाली घातलं होतं. बोट दोरा उचलायचं, दमून खाली यायचं, पुन्हा उचलायचं. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

कात्री देऊ का, असं ईशिताने विचारलं. त्यांनी नको म्हटलं. मग त्या उलट्या दिशेने चालू लागल्या, दोरा रिळावर गुंडाळत.

दारावर टकटक झाली. ईशिताने दार किलकिलं करून पाहिलं.

"डॉक्टर आल्यात, आजी."

"त्यांना दोन मिनिटं थांबायला सांग," सुप्रभाबाई खुर्चीमागून म्हणाल्या. "अजून चार फेरे सोडवायचेत."